होरेसने टाकलेली ढाल

कवीची एखादी ओळ सुभाषित झाली म्हणजे ती दीर्घायुषी होते. परंतु ज्या कवितेत ती जन्मली त्या कवितेशी तिचा संबंध बहुधा तुटतो. संस्कृत सुभाषितांच्या बाबतीत ह्याची प्रचीती आपणांस पदोपदी येते. श्लोक सर्वांच्या मुखी असतो. तो कोणत्या नाटकातील कोणत्या पात्राने कोणत्या प्रसंगी उच्चारला, ह्याचे स्मरण थोड्यांनाच असते. लॅटिन वाङ्मयात हे दैव होरेसच्या वाट्याला जितके आले, तितके क्वचितच दुसऱ्या कवीच्या वाट्याला आले असेल. देशासाठी येणारे मरण, हाती असलेला दिवस, सोनेरी मध्यममार्ग, संकटातील समचित्तता आणि शहाणे होण्याचे धाडस ह्या विषयांवरील त्याचे शब्द शतकानुशतके युरोपातील शाळांत घोकले गेले आणि दगडांवर कोरले गेले. परिणामी होरेस म्हणजे परस्परविरोधी उपदेशांची एक पोतडीच होय, अशी समजूत दृढ झाली. हवा त्याने त्यातून रणावर जाण्याचा उपदेश काढावा आणि हवा त्याने घरी बसून मद्य पिण्याचा!

ह्या उपदेशांमागे एकच प्रश्न आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे. उद्याचा दिवस आपल्या हाती नाही, हे पुरते उमगल्यावर माणसाने आज कसे वागावे, हा तो प्रश्न होय. धैर्य आणि सुजीवन हे होरेसच्या दृष्टीने दोन विषय नाहीत. मात्र हे पटण्यासाठी त्याच्या ओळी पुन्हा त्या त्या कवितेत आणि कविता पुन्हा त्याच्या काळात ठेवून पाहिल्या पाहिजेत.

क्विन्तस होरेशियस फ्लाकस ह्याचा जन्म इ. स. पू. ६५ मध्ये दक्षिण इटलीतील व्हेनुसिया ह्या गावी झाला. पिता एके काळी गुलाम होता. मुक्त झाल्यावर लिलावांत पैसे वसूल करण्याचा व्यवसाय त्याने केला आणि मुलाला शिक्षणासाठी रोमला व पुढे अथेन्सला पाठविले. इ. स. पू. ४४ मध्ये जूलियस सीझरचा वध झाला आणि त्याच वर्षी मारेकऱ्यांचा अग्रणी ब्रूटस अथेन्सला आला. तत्त्वज्ञानाचे पाठ ऐकणाऱ्या रोमन तरुणांतून त्याने आपले सेनाधिकारी निवडले. त्यांत होरेस होता. एका मुक्त गुलामाच्या मुलाला ‘लष्करी ट्रिब्यून’ हे पद मिळाले ह्याबद्दल लोक मागाहून त्याचा हेवा करीत, असे तो स्वतःच सांगतो. इ. स. पू. ४२ च्या ऑक्टोबरात मॅसिडोनियातील फिलिप्पी येथे ब्रूटस व कॅसियस ह्यांच्या सैन्याचा अँटनी आणि ऑक्टेव्हियन (हाच पुढचा सम्राट ऑगस्टस) ह्यांनी निःपात केला. होरेसचे वय त्या वेळी बावीस वर्षांचे होते. क्षमादानाचा लाभ घेऊन तो इटलीस परतला, तेव्हा वडिलोपार्जित घर व जमीन जप्त झालेली होती. त्याने सरकारी खजिन्यात कारकुनाची जागा मिळविली आणि काव्यलेखनास आरंभ केला.

ह्या पराभवावर होरेसने एकच कविता बेतून लिहिली आहे. त्याच्या गीतसंग्रहाच्या दुसऱ्या खंडातील ते सातवे गीत पोम्पेयस नावाच्या जुन्या सहकाऱ्यास उद्देशून आहे. होरेस युद्धातून बाहेर पडला. पोम्पेयस मात्र ओहोटीच्या लाटेने पोहणाऱ्यास आत ओढावे त्याप्रमाणे पुन्हा युद्धात खेचला गेला आणि आता पुष्कळ वर्षांनी मायदेशी परतला आहे. त्याच्या स्वागतासाठी कवी मद्याची सिद्धता करतो आणि फिलिप्पीची आठवण काढतो. त्या दिवशी आपण ढाल टाकून पळालो आणि ती कृती काही चांगली नव्हती, असे तो सरळ सांगून टाकतो.

ढाल टाकणे हे ग्रीक आणि रोमन जगात भीरुत्वाचे सर्वमान्य चिन्ह होते. मग ही कबुली जाहीर काव्यात कशासाठी? ह्याचे एक उत्तर वाङ्मयीन परंपरेत सापडते. इ. स. पूर्व सातव्या शतकातील आर्किलोकस ह्या ग्रीक कवीने थ्रेसियन लोकांशी लढताना आपण ढाल टाकल्याचे बेदरकारपणे सांगितले होते. होरेसचा आदर्श असलेल्या आल्कियस ह्या कवीबद्दलही तशीच गोष्ट सांगितली जाते. होरेसने ढालीसाठी योजलेला शब्दही लघुत्ववाचक आहे. रोमन पायदळाची ती मोठी, अंगभर ढाल नव्हे. ही काव्यातील चिमुकली ढाल आहे. पुढे बुध देवता त्याला दाट धुक्यात लपेटून शत्रूंमधून उचलून नेते, तेही थेट ‘इलियड’मधून आलेले आहे. तेथे ॲफ्रोडायटी असेच धुके पसरून पॅरिसला मेनिलेअसच्या हातून सोडविते. आणि पॅरिस हा काही शौर्याचा नमुना नव्हे, हे होरेसच्या वाचकांस ठाऊक होते.

परंतु परंपरेचा हा उलगडा पुरेसा नाही, असे वाटते. आर्किलोकसला खंत नाही. तो दुसरी ढाल घेईन म्हणतो. होरेस मात्र आपली कृती चांगली नव्हती असे म्हणतो आणि लगेच पुढे सांगतो की, त्याच ठिकाणी ‘व्हर्टस’ मोडून पडली. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. लॅटिन ‘व्हिर’ म्हणजे पुरुष. संस्कृत ‘वीर’ हा त्याचाच सगोत्र शब्द. ‘व्हर्टस’ म्हणजे प्रथम वीरत्व, मग पौरुष, आणि तत्त्वज्ञांच्या हाती सद्गुण. ब्रूटस हा स्वतः तत्त्वचिंतक असून सद्गुणावर त्याने ग्रंथही लिहिला होता. सद्गुण हा केवळ शब्दच ठरला, अशा आशयाचे एका ग्रीक शोकनाट्यातील उद्गार काढून त्याने फिलिप्पी येथे प्राणत्याग केला, अशी कथा दिओ कॅसियस हा इतिहासकार देतो. ती खरी असो वा नसो, होरेसच्या पिढीपुढचा पेच तीत नेमका उतरला आहे. ज्या अर्थाने पूर्वज ‘व्हर्टस’ म्हणत, त्या अर्थाने ती रणांगणावर मोडली. लढणारे दोन्ही पक्ष रोमनच होते; कोणाचे शौर्य देशासाठी आणि कोणाचे देशाविरुद्ध, हे विजेता ठरविणार होता. ढाल टाकून जो जगला त्याला धैर्य ह्या शब्दाचा अर्थ पुन्हा शोधणे भाग होते, आणि माझ्या मते होरेसचे पुढील सर्व काव्य हा त्याच शोधाचा वृत्तांत आहे.

आता त्याच्या सर्वांत प्रसिद्ध व सर्वांत वादग्रस्त ओळीकडे वळू. तिसऱ्या खंडातील पहिली सहा गीते ‘रोमन गीते’ म्हणून ओळखली जातात. त्यांतील दुसऱ्यात, देशासाठी येणाऱ्या मरणाला मधुर आणि शोभनीय म्हणणारी ओळ आहे. इ. स. १९१३ मध्ये ती इंग्लंडमधील सँडहर्स्ट लष्करी विद्यालयाच्या प्रार्थनामंदिरात कोरली गेली. एका वर्षाने महायुद्ध सुरू झाले. विल्फ्रेड ओवेन ह्या तरुण कवीने विषारी वायूने घुसमटून मरणाऱ्या सैनिकाचे वर्णन करून, ह्याच ओळीचे आरंभीचे शब्द उपरोधाने आपल्या कवितेस शीर्षक म्हणून दिले आणि तिला जुने असत्य ठरविले. ओवेन इ. स. १९१८ च्या नोव्हेंबरात, युद्धसमाप्तीस एक आठवडा उरला असताना, मारला गेला. त्याची कविता इ. स. १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून होरेसवर दांभिकतेचा आरोप केला जातो. जो स्वतः पळाला, त्याने तरुणांस मरण्याचा उपदेश करावा काय?

हा आरोप झटकून टाकता येण्यासारखा नाही. बचावाखातर इतके म्हणता येईल की, ती ओळ एकटी उभी नाही. तिच्या लगेच पुढे कवी सांगतो की, मृत्यू पळणाऱ्याचाही पाठलाग करतो आणि भेकड तरुणाच्या पाठीची किंवा गुडघ्याची गय करीत नाही. ज्याने स्वतः पाठ दाखविली होती त्याच्या लेखणीतून हे शब्द उतरले आहेत. दोन्ही गीते इ. स. पू. २३ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाली असल्याने वाचकांस हा संबंध दिसणे अपरिहार्य होते, आणि कवीलाही तो दिसला नसेल असे मानणे कठीण आहे. शिवाय त्याच गीताचा उत्तरार्ध रणांगण सोडून वेगळ्याच गुणांकडे वळतो. लोकमताच्या लहरीवर अधिकारपदे न स्वीकारणारी आणि न सोडणारी ‘व्हर्टस’ आणि विश्वासाने सांगितलेले गुपित राखणारे मौन ह्यांची तेथे प्रशंसा आहे. इतके मान्य करूनही, ती ओळ काव्य म्हणून उसनी वाटते, हे माझे मत मी लपवीत नाही. मधुरता हा शब्द तेथे अनुभवातून आलेला नाही.

ह्याच गटातील पाचवे गीत मात्र निराळ्या योग्यतेचे आहे. पहिल्या प्यूनिक युद्धात इ. स. पू. २५५ मध्ये कार्थेजच्या हाती सापडलेला सेनापती रेग्युलस ह्याची कथा त्यात आहे. परंपरा अशी की, शत्रूने त्याला वचनावर सोडून वाटाघाटीसाठी रोमला धाडले; त्याने सीनेटला तडजोड नाकारण्याचा सल्ला दिला आणि दिलेल्या वचनानुसार तो छळ सोसण्यासाठी परत गेला. पॉलिबियस ह्या विश्वसनीय इतिहासकाराच्या ग्रंथात ह्या परतीचा व छळाचा उल्लेख नाही, म्हणून ह्या कथेच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांना शंका आहे. आपल्याला कर्तव्य आहे ते होरेसने केलेल्या तिच्या शेवटाशी. आपल्यासाठी कोणती यातना सिद्ध आहे हे जाणून असलेला रेग्युलस वाट अडविणाऱ्या आप्तांना आणि लोकांना बाजूस सारून निघतो. कसा? आपल्या आश्रितांचे एखादे लांबलेले कोर्टकाम उरकून मोकळा झालेला रोमन गृहस्थ व्हेनाफ्रमच्या शेतांकडे किंवा टॅरेंटमकडे विश्रांतीला निघावा, तसा!

ह्या उपमेवर थोडे थांबावेसे वाटते. धैर्याचे वर्णन करताना कवी सामान्यतः सिंह, वादळ, पर्वत अशी उपमाने शोधतात. होरेसने शोधले ते कामाच्या आठवड्याअखेर शहराबाहेर जाणाऱ्या माणसाचे. येथे वीरवृत्तीचा आविर्भाव नाही, मरणाला मधुर म्हणण्याचा आग्रहही नाही. निर्णय आधीच झाला आहे आणि आता फक्त निघावयाचे आहे. धैर्याच्या क्षणी मनुष्य असामान्य होत नाही, तर आपल्या नित्याच्या वृत्तीतच राहतो, ही कल्पना पूर्वीच्या वीरकाव्यात सहसा आढळत नाही. मराठीत आपण ‘शौर्य’ आणि ‘धीर’ ह्यांत जो भेद करतो तो येथे उपयोगी पडतो. शौर्य गाजवावे लागते. धीर धरावा लागतो. संस्कृतात ‘धीर’ शब्दाला बुद्धिमान आणि स्थिरचित्त असे दोन्ही अर्थ आहेत. होरेसच्या मनातील गुणाला आपल्या भाषेत ह्याहून जवळचा शब्द मला सापडत नाही.

(असाच धीर त्याने शत्रूलाही दिला आहे. क्लिओपात्राच्या पराभवावरील गीत विजयाच्या मद्यपानाने सुरू होते. परंतु त्याचा शेवट रोमच्या विजययात्रेत मिरविली जाण्यास नकार देऊन शांत चेहऱ्याने मरण स्वीकारणाऱ्या राणीच्या गौरवात होतो. विजेत्याच्या छायेत राहणाऱ्या कवीने हे लिहावे, हे विशेष.)

रेग्युलसचे उदाहरण असामान्य प्रसंगाचे झाले. सामान्य दिवसाचे काय? पहिल्या खंडातील अकरावे गीत अवघ्या आठ ओळींचे आहे; तरीही ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. ल्यूकोनोई नावाची एक स्त्री आपले व कवीचे आयुष्य किती उरले आहे हे बाबिलोनी ज्योतिषांच्या आकडेमोडीतून जाणू पाहते. रोममध्ये ह्या विद्येचे केवढे स्तोम माजले होते ह्याची कल्पना एका गोष्टीवरून यावी : इ. स. पू. ३३ मध्ये अग्रिपाने ज्योतिषांना शहराबाहेर घालविले होते. कवी तिला म्हणतो की, हे विचारू नये. बाहेर हिवाळा आहे, समुद्र खडकांवर आपटून आपटून दमतो आहे. पुढे आणखी हिवाळे असतील किंवा हाच शेवटचा असेल. तिने घरातील मद्य गाळावे, लांब आशा छाटून आखूड करावी.

ह्यानंतर दिवसाविषयीचे ते जगप्रसिद्ध शब्द येतात. त्यांतील क्रियापद ‘कार्पेरे’ हे आहे, आणि त्याचा अर्थ झडप घालणे किंवा लुटणे असा नाही. फळ, फूल, पान ह्यांच्यासंबंधी ते वापरले जाते. आपले ‘खुडणे’ हे क्रियापद त्याला तंतोतंत जुळते. खुडण्यात घाई नसते, पण विलंबही चालत नाही. ज्याला वेळ भरली आहे तेच खुडावयाचे असते. चैनीचा पुरस्कार म्हणून हे गीत वाचणाऱ्यांचे लक्ष मद्यावर जाते, गाळण्यावर जात नाही. रोमन मद्यात गाळ असे आणि ते पिण्यापूर्वी गाळून घ्यावे लागे. हे रोजचे साधे घरकाम आहे. भविष्याची हमी मागावयाची नाही आणि तरीही हातातील काम नीट करावयाचे, ह्याला जी मनाची ताकद लागते ती रणांगणावरच्या ताकदीहून उणी नाही. म्हणूनच ह्या गीताला मी धैर्याचे गीत म्हणतो.

‘सोनेरी मध्यममार्ग’ ह्या शब्दप्रयोगाचे नशीब तर याहूनही वाईट. तो ऐकताच बेताची बुद्धी, बेताचे कर्तृत्व आणि सुरक्षित जीवन ह्यांचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात तो दुसऱ्या खंडातील दहाव्या गीतात लिसिनियस नावाच्या माणसाला दिलेल्या इशाऱ्यात येतो. नौका सतत खोल समुद्रात लोटू नये, तशी वादळाच्या धास्तीने खडकाळ किनाऱ्यालाही फार बिलगवू नये. उंच वृक्षालाच वारा अधिक हलवितो. वारा फार अनुकूल झाला की फुगलेली शिडे आवरावीत. हा लिसिनियस म्हणजे मिसीनसचा मेहुणा मुरेना होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मिसीनस हा होरेसचा आश्रयदाता आणि ऑगस्टसचा विश्वासू. गीतसंग्रह प्रसिद्ध झाला त्या सुमारासच, इ. स. पू. २३ किंवा २२ मध्ये, मुरेनावर ऑगस्टसविरुद्धच्या कटाचा आरोप आला आणि तो मारला गेला. हे लक्षात घेता गीतातील मध्यममार्ग म्हणजे खुशाल बसण्याची सोय राहत नाही. ज्याच्या शिडात वारा भरला आहे अशा उच्चपदस्थ मित्राला वेळीच दिलेली ती धोक्याची सूचना ठरते.

समचित्ततेचा उपदेश ज्याला केला आहे तो डेलियस तर अधिकच बोलका आहे. यादवी युद्धांत ह्या गृहस्थाने डोलाबेला, कॅसियस, अँटनी आणि शेवटी ऑक्टेव्हियन असे चार धनी केले. मेसालाने त्याला यादवी युद्धांतील कसरतपटू असे नाव दिले होते. सर्कशीत धावत्या घोड्यावरून दुसऱ्या घोड्यावर उडी घेणाऱ्या स्वारासाठी लॅटिनमध्ये जो शब्द आहे, तो त्याने योजला. अशा माणसाला होरेस मन समतोल ठेवावयास सांगतो आणि त्याच वाक्यात त्याच्या नावाला ‘मरणार असलेला’ असे विशेषण जोडतो. घोडे कितीही बदलले तरी हे विशेषण बदलणार नव्हते. गीतांतील उपदेश कोणाला केला आहे, हे पाहिल्याविना तो उपदेश काय आहे हे कळत नाही, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांस देता येणार नाही.

आतापर्यंत पाहिलेले सर्व धागे पद्यपत्रांच्या पहिल्या खंडातील दुसऱ्या पत्रात एकत्र येतात. ही पत्रे इ. स. पू. २० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. लोलियस नावाच्या तरुणाला होरेस कळवितो की, आपण होमर पुन्हा वाचला आणि काय हितकर, काय अहितकर, हे क्रिसिपस व क्रँटर ह्या तत्त्वज्ञांपेक्षा होमर अधिक स्पष्ट सांगतो असे आढळले. पुढे तो शहाणे होण्याचे धाडस कर आणि आरंभ कर, असा आग्रह धरतो. इ. स. १७८४ मध्ये कांटने प्रबोधनाचे ब्रीद म्हणून ह्या शब्दांची निवड केली, तेव्हापासून ते बुद्धिस्वातंत्र्याची घोषणा म्हणून वाचले जातात. होरेसच्या पत्रात त्यांचा रोख निराळा आहे. नीट जगण्याची घटका पुढे ढकलणारा माणूस हा नदीकाठी उभ्या राहिलेल्या खेडुतासारखा आहे, असे तो म्हणतो. सगळे पाणी वाहून गेले की मग ओलांडू म्हणून तो थांबला आहे, आणि नदी वाहतेच आहे.

‘सापेरे’ ह्या क्रियापदाचा मूळ अर्थ चव असणे, चव कळणे असा आहे. शहाणपण हा त्याचा नंतरचा अर्थ. ल्यूकोनोईच्या गीतातही मद्य गाळण्याच्या अगोदर हेच क्रियापद आले आहे, हा योगायोग नव्हे. फिलिप्पीत मोडलेले धैर्य येथे पुन्हा हाती लागते; फक्त त्याचे क्षेत्र बदलले आहे. शत्रूपुढे उभे राहण्याचे धाडस नव्हे, तर आजच आरंभ करण्याचे धाडस. पुढे ऑगस्टसने होरेसला आपला खासगी चिटणीस होण्याविषयी विचारले आणि होरेसने ते नाकारले, ही स्वेटोनियसने दिलेली माहिती ह्या संदर्भात महत्त्वाची वाटते.

एक आक्षेप मात्र उरतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे सारे शहाणपण मिसीनसने दिलेल्या सॅबाइन टेकड्यांतील जमिनीवर बसून लिहिलेले आहे, आणि ती जमीन आठ गुलाम कसत होते. गुलामाच्या मुलाला गुलामांच्या श्रमावर लाभलेली ही निवांतता सुजीवनाचा कोणता आदर्श सांगू शकते? नवल असे की, हा आक्षेप सर्वप्रथम होरेसनेच नोंदविला आहे. उपरोधपर काव्यांच्या दुसऱ्या खंडातील सातव्या काव्यात सॅटर्नेलियाचा सण आहे. त्या दिवसांत गुलामांना मोकळेपणी बोलण्याची मुभा असे. दावस हा त्याचा गुलाम ह्या सवलतीचा लाभ घेऊन धन्याला सुनावतो : तू रोममध्ये असलास की खेडे हवे म्हणतोस आणि खेड्यात असलास की रोमचे गोडवे गातोस; मिसीनसचे बोलावणे आले की धावत सुटतोस; वासनांच्या दोऱ्यांनी बाहुलीसारखा हलतोस. मग आपल्यात गुलाम कोण? दारिद्र्य, मृत्यू आणि बेड्या ह्यांना जो भीत नाही आणि जो स्वतःत पूर्ण, गुळगुळीत, वाटोळा आहे, तोच स्वतंत्र. धैर्याची ही व्याख्या होरेसने आपल्या गुलामाच्या तोंडी घातली आहे, आणि तीही अशी की धन्याला तिच्या कसोटीला उतरता येऊ नये. धन्यापाशी उत्तर नाही. तो मारावयास दगड मागतो, बाण मागतो. आणि दावस येथून चटकन निघाला नाही तर सॅबाइन शेतावर त्याची नववा मजूर म्हणून रवानगी करीन, अशी धमकी देतो. ते काव्य तेथेच संपते.